किल्ली गल्ल्यात : एका ‘उन्हाळी’ची केस

सोलापूरच्या मे महिन्यात ‘डॉक्टर, उन्हाळी लागलीय’ हे वाक्य कानावर पडलं नाही असा माझा दिवस जात नाही. लघवीला आग, थेंब थेंब होणं, जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटणं, ओटीपोटात कळ, या सगळ्याला आपल्याकडे हा एकच शब्द. शब्द मोठा बोलका आहे, पण सगळा दोष उन्हावर ढकलून मोकळा होतो. मग धन्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं सरबत, फार झालं तर मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या, आणि मामला मिटला. मी जिच्याबद्दल लिहितोय त्या बाईंना पहिली ‘उन्हाळी’ लागली नोव्हेंबरात. दिवाळी नुकतीच सरली होती आणि पहाटे अंगावर चादर ओढावी लागत होती. तिथंच शंका यायला हवी होती. आली नाही.

हे सगळं त्यांच्या परवानगीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, औषधं आणि चुका तशाच ठेवल्या आहेत. चुकांतल्या बऱ्याचशा माझ्या आहेत.

वय ३४. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, धाकट्यानंतर तांबी बसवलेली. नवरा यंत्रमागावर चादरी विणतो, सासू घरी विड्या वळते. बाई स्वतः गेली सात वर्षं नवी पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर. सकाळी दहा ते रात्री साडेआठ, लग्नसराईत नऊ-साडेनऊसुद्धा. मधुमेह नाही, मुतखड्याचा इतिहास नाही. माझ्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात मी फक्त ‘नोकरी’ एवढंच लिहिलं होतं.

चार खेपा

नोव्हेंबरातली खेप माझ्यापर्यंत आलीच नाही. दुकानाजवळच्या मेडिकलमधून त्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणि गुलाबी सिरपची बाटली घेतली. दोन दिवसांत आग थांबली, गोळ्या संपल्या. हे औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं, पण चिठ्ठी मागतंय कोण! अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१६ मध्येच सांगून ठेवलंय की मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला दुसरा पर्याय असेल तर या जातीची औषधं वापरू नका. आपल्याकडे ती अजून गोळी-बिस्किटासारखी मिळतात.

फेब्रुवारीत त्या माझ्याकडे आल्या. रांगेत बावीस माणसं होती. लक्षणं ऐकली, ताप नाही, कंबर दुखत नाही, पांढरं जात नाही एवढं विचारलं आणि पाच दिवसांचं सेफिक्झीम लिहिलं. निघताना, प्रत्येकाला सांगतो तसं सांगितलं, “ताई, पाणी भरपूर प्या.” त्यांनी मान हलवली. ती मान हलवणं मला आज आठवतं. ज्याला वाद घालायचा नसतो तो माणूस तशी हलवतो.

एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की त्याला वारंवार होणारा मूत्रमार्गसंसर्ग म्हणायचं, अशी वैद्यकातली व्याख्या आहे. म्हणजे आता अंदाजानं औषध देऊन चालणार नव्हतं, कल्चर हवं होतं. लघवीतला जंतू वाढवून बघायचा आणि कुठल्या औषधाला तो मरतो ते तपासायचं. आधी टेबलावरच पट्टी बुडवून पाहिली. नायट्राइटचा चौकोन बघता बघता गडद गुलाबी झाला. या चौकोनाची एक गंमत आहे. जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, पण त्याला वेळ लागतो, लघवी मूत्राशयात साधारण चार तास तरी मुरावी लागते. सारखं जाणाऱ्या माणसाची पट्टी पुष्कळदा खोटी ‘निगेटिव्ह’ येते. ही पट्टी इतकी ठसठशीत आली याचाच अर्थ ही बाई तासन् तास जात नव्हती. समोर गुलाबी रंगात लिहिलेलं होतं, मी वाचलं फक्त ‘पॉझिटिव्ह’.

कल्चरसाठी कंपाउंडरनं निर्जंतुक बाटली हातात दिली आणि “उद्या सकाळची आणा” म्हणाला. बाईंनी सकाळी सहाला नमुना घेतला, बाटली पर्समध्ये ठेवली, दुकानात गेल्या आणि दुपारी दीडच्या जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये पोचवली. एप्रिलचं ऊन, रेक्झिनची पर्स, साडेसात तास! ई. कोलायसारखा जंतू पोषक परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. नमुना दोन तासांत लॅबला पोचायला हवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायला हवा. रिपोर्ट आला : तीनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू, नमुना दूषित, पुन्हा पाठवा. पुन्हा कोण पाठवणार? एका नमुन्याला त्यांची एक जेवणाची सुट्टी जात होती.

नमुना असा वाया गेला की आणखी एक रस्ता बुजतो. लघवीत पू-पेशी सापडतात पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असं वारंवार झालं तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयाचा विचार करावाच लागतो. सडक्या नमुन्यावरून त्यातलं काहीच कळत नाही.

या वेळी मी नायट्रोफ्युरँटॉइन लिहिलं, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. औषध १९५३ पासूनचं, जुनं आणि स्वस्त. मूत्राशयाच्या संसर्गात आजही पहिल्या पसंतीचं. औषध बरोबर निवडलं, पण त्यासोबत दोन घोळ घातले. एक, ते पोटभर जेवणाबरोबर घ्यायचं असतं, नाहीतर मळमळतं, हे ठासून सांगितलं नाही. बाईंनी सकाळची गोळी चहावर घेतली, काउंटरवर कोरड्या ओकाऱ्या आल्या, दोन दिवसांत आगही कमी झाली आणि उरलेल्या सहा गोळ्या देवघराच्या फळीवर गेल्या. दुसरा घोळ जास्त लाजिरवाणा. सवयीनं मीही तेच गुलाबी सिरप जोडून दिलं. ते लघवीची आम्लता कमी करतं म्हणून आग शमते, आणि नायट्रोफ्युरँटॉइनला काम करायला नेमकी आम्ल लघवी लागते. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं. ही जोडी मी इतरांच्याही चिठ्ठ्यांवर रोज बघतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात नवरा त्यांना रिक्षातून घेऊन आला. १०३ ताप, दात वाजतील अशी हुडहुडी, दोन उलट्या, आणि उजव्या कुशीत मागच्या बाजूला बरगड्यांखाली हलकी थाप मारली तरी त्या कळवळत होत्या. संसर्ग मूत्राशयातून वर चढून मूत्रपिंडात गेला होता.

दवाखान्यातले दिवस

त्यांना ओळखीच्या एका नर्सिंग होममध्ये दाखल केलं. औषधाचा पहिला थेंब शिरेत जाण्याआधी नमुना घेतला आणि पंधरा मिनिटांत लॅबला पाठवला. पांढऱ्या पेशी १६,८००. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिअ‍ॅटिनिन १.१, म्हणजे ठीक. साखर ठीक. गर्भचाचणी निगेटिव्ह, बाईला अँटिबायोटिक सुरू करताना हे आधी बघावंच लागतं. सोनोग्राफीत उजवं मूत्रपिंड थोडं सुजलेलं, पण खडा नाही, लघवीला अडथळा नाही, पू साचलेला नाही. अडथळ्यामागे संसर्ग अडकला असता तर काही तासांत शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, म्हणून ही सोनोग्राफी.

सुरुवातीला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिलं. अठ्ठेचाळीस तास झाले, ताप हटेना. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला : ई. कोलाय, मिलिलिटरला एक लाखापेक्षा जास्त, आणि ‘ईएसबीएल’ जातीचा. म्हणजे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सेफिक्झीमसारखी औषधं फोडून टाकणारं द्रव्य तो स्वतःच तयार करतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर ‘आर’, म्हणजे चालत नाही. कोट्रायमोक्सॅझोलसमोर ‘आर’. ‘एस’ होतं ते नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, अ‍ॅमिकासिन आणि कार्बापेनेम गटासमोर.

नवरा रिपोर्ट धरून उभा होता. त्याला इंग्रजी यथातथाच येतं, पण ‘एस’ म्हणजे चालतं हे नर्सकडून कळलेलं. “साहेब, मागची ती स्वस्तातली गोळी चालतीय म्हणतंय की ह्यात. मग ही हजार-हजाराची सुई कशाला?”

बरोबर विचारलं होतं. रिपोर्टवरचं ‘एस’ प्रयोगशाळेतल्या ताटलीपुरतं खरं असतं. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, पण मूत्रपिंडाच्या मांसात आणि रक्तात पुरेसं साठत नाही. मूत्राशयातला जंतू ते मारतं, मूत्रपिंडात घुसलेल्याला त्याचा धाक नाही. त्याला सांगितलं, “ही गोळी उंबऱ्यापर्यंत पोचते. चोर माजघरात शिरलाय.” कार्बापेनेम गटातलं एर्टापेनेमचं इंजेक्शन दिवसातून एकदा सुरू केलं. दीड दिवसात ताप उतरला. चौथ्या दिवशी घरी सोडलं, उरलेली इंजेक्शनं रोज माझ्याकडे येऊन घेतली. सगळं बिल त्यांच्या दोन पगारांहून जास्त झालं, आणि वीस दिवसांचा खाडा वेगळा.

हा जंतू बाहेरून कुठून येत नाही. तो आपल्याच आतड्यात राहतो, तिथं त्याचा उपद्रव नाही. थिओडोर एशेरिश या जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञानं १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं ते तान्ह्या बाळांच्या शीमधून. गुदद्वारापासून मूत्रमार्गाच्या तोंडापर्यंत बायकांत दोन-तीन बोटांचं अंतर, आणि मूत्रमार्ग स्वतः जेमतेम चार सेंटिमीटर. पुरुषाचा साधारण वीस. बायकांना हा त्रास जास्त का, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे. ‘बाई स्वच्छ राहत नाही म्हणून’ हे उत्तर नव्हे. पण ते इतक्या सासवांच्या तोंडून ऐकलंय की आता मी सासूला आत बोलावून आकृती काढून दाखवतो.

आत शिरलेल्या जंतूला बाहेर टाकायचा शरीराचा मुख्य उपाय साधा आहे, लघवीची धार. जंतूंच्या अंगावर केसांसारखे चिवट तंतू असतात, त्यांनी ते मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात. दर दोन-तीन तासांनी धार आली तर चिकटण्याआधीच बरेचसे धुऊन निघतात. धार आली नाही तर ते आपला संसार वाढवतात. वीस मिनिटांचं सोडा, तासाला एकदा दुप्पट होतात असं धरलं तरी अकरा तासांत एकाचे २,०४८ होतात. अकरा हा आकडा मी उगाच घेतलेला नाही.

साडीच्या पुठ्ठ्यावरची डायरी

बरं वाटल्यावर बाई तपासायला आल्या तेव्हा पहिल्यांदाच त्यांना पंचवीस मिनिटं दिली. तीन दिवस काय प्यायलात, किती, आणि लघवीला कधी गेलात ते वेळेसकट लिहून आणा म्हटलं. मूत्राशयाची डायरी. खर्च शून्य, आणि फेब्रुवारीतच मागायला हवी होती.

त्यांनी ती आणली साडीच्या घडीतल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर, बिलबुकाच्या निळ्या पेनानं. एक दिवस तसाच उतरवतो :

सकाळी ६ – गेले. चहा १ कप.
९.१५ – गेले (निघताना).
१.३० – जेवण. पाणी २ घोट.
४ – चहा अर्धा.
८.५० – घरी. गेले. खूप वेळ.
९ – पाणी १ तांब्या.

सव्वानऊ ते आठ पन्नास. अकरा तास पस्तीस मिनिटं. बाकीचे दोन दिवस याच्याच नकला. दिवसभराचं पाणी, चहा धरून, लिटरभरसुद्धा भरत नव्हतं, आणि बाहेर पारा बेचाळीसला.

“ताई, तुम्ही दिवसभर पाणीच पीत नाही?”

“प्याले की जावं लागतंय ना वो.”

“मग जायचं.”

त्या हसल्या. मग सांगितलं. दुकानात बायका नऊ, पुरुष सहा. संडास एकच, तळघरात, गोदामाच्या मागं. नासधूस होते म्हणून कुलूप. किल्ली शेठजींच्या गल्ल्यात, नोटांच्या शेजारी. गल्ला दाराशी, गिऱ्हाइकांच्या तोंडावर. “तिथं जाऊन ‘किल्ली द्या’ म्हणायचं, का लागतीय ते सगळ्यांना कळतंय. शेठ वाईट न्हाईत, काय बोलत न्हाईत. पन घड्याळाकडं बगतेत.” पुरुष बोळातल्या मुतारीत जाऊन येतात, त्यांना किल्ली लागतच नाही. बायकांनी सोपा मार्ग काढला होता : सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. नवीन मुलगी कामाला लागली की साड्यांच्या किमतींच्या आधी जुन्या बायका तिला हे शिकवत. पाळीच्या दिवसांत तर पॅडही सकाळचं रात्रीपर्यंत, कारण बदलायलाही तेच दार.

मी तीनदा ‘पाणी भरपूर प्या’ म्हणालो होतो. जायचं कुठं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी दवाखाना बंद करताना आमच्याच स्वच्छतागृहाच्या दाराकडे लक्ष गेलं. कुलूप. किल्ली कंपाउंडरच्या खिशात. ‘पेशंट घाण करतात’ म्हणून आमचंही तेच धोरण होतं, सोळा वर्षं. एप्रिलचा तो नमुना पर्समध्ये साडेसात तास का शिजला, त्याचं कारण हे कुलूप. दार उघडं असतं तर बाईंनी तिथल्या तिथं बाटली भरून दिली असती. आता ते उघडं असतं. आत भिंतीवर नमुना कसा घ्यायचा ते मराठी आणि तेलुगूत लिहून चिकटवलंय : हात धुवा, पाण्यानं जागा पुसा, पहिली धार सोडून द्या, मधली बाटलीत घ्या, झाकणाला आतून बोट लावू नका. मावशीला साफसफाईचे महिना पाचशे रुपये वाढवून दिले.

प्रतिबंध, म्हणजे नेमकं काय केलं

पाण्यापासून सुरुवात केली, कारण त्याला भक्कम आधार आहे. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर बल्गेरियात एक चाचणी झाली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. नुसत्या पाण्यानं जवळजवळ निम्मं! अँटिबायोटिकही कमी लागलं. लघवी रोखून धरल्यानंच संसर्ग होतो याचा पुरावा इतका पक्का नाही, पण पाणी वाढवलं की जाणं वाढणारच, दोन्ही एकाच दोरीला बांधलेलं आहे. (हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण ज्यांना पाणी मोजून सांगितलंय त्यांनी हे स्वतःच्या मनानं करू नये.)

मग खासगी प्रश्न. विचारताना माझीच नजर केसपेपरवर होती. संबंधांनंतर एक-दोन दिवसांत त्रास सुरू होतो का? कधी कधी, म्हणाल्या. संबंध हे या वयात एक खरं कारण असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि नवऱ्याचा ‘रोग’ही नसतो. नंतर लगेच लघवीला जाऊन यायचं सांगितलं. शौचानंतर पुढून मागं धुवायचं, साबण किंवा ‘इंटिमेट वॉश’ आत वापरायचं नाही. तिथले चांगले जंतू त्यानं मरतात आणि जागा रिकामी होते.

मोबाइलवर जाहिरात बघून त्यांनी क्रॅनबेरीच्या पुड्यांचं विचारलं. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात, ५० अभ्यासांवरून, वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांत क्रॅनबेरीनं धोका साधारण चतुर्थांशानं कमी झालेला दिसला. म्हणजे उपयोग आहे. पण रोजची पुडी त्यांच्या खिशाला परवडणारी नव्हती, आणि पाणी फुकट होतं. त्याच जाहिरातीतलं डी-मॅनोज, म्हणजे एक प्रकारची साखर, मात्र ब्रिटनमधल्या ५९८ स्त्रियांच्या चाचणीत, २०२४ मध्ये, साध्या पावडरीपेक्षा सरस ठरलं नाही. धन्याच्या पाण्याबद्दल सासूबाईंनी विचारलं. घ्या की, म्हटलं, तेवढं पाणी पोटात जातंय. सासूबाईंचं स्वतःचंही उन्हाळीचं दुखणं होतं, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. त्या वयात त्वचा सुकून पातळ होते, तिथं लावायचं इस्ट्रोजेनचं मलम फार चांगलं काम करतं. पण ती वेगळी केस.

रोज रात्री अँटिबायोटिकची छोटी मात्रा सहा महिने द्यायची, हाही एक मान्य उपाय आहे. मी तो मागं ठेवला. ज्या जंतूनं तीन औषधं आधीच पचवली त्याला चौथ्याची शिकवणी कशाला?

उरली किल्ली. मी पत्र लिहून दिलं. बाईंचं नाव न घालता, ‘सर्व महिला कर्मचाऱ्यांना दर तीन तासांनी स्वच्छतागृहाची सोय असणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक’ असं, शिक्क्यासह. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह यांची तरतूद आहे, तेही खाली लिहिलं. ते पत्र दोन महिने त्यांच्या पर्समध्येच राहिलं. “शेठ वाचून मुनीमजीला देनार, मुनीमजी गोदामवाल्याला. ‘लघवी’ लिवलेला कागद असा फिरवायचा?” मला कायदा दिसत होता, त्यांना तो कागद कुणाकुणाच्या हातून जाईल ते दिसत होतं.

काम झालं ते भलत्याच वाटेनं. दुकानातच फॉल-पिकोचं काउंटर चालवणारी एक बाई आहे, ती पगारी नव्हे, कमिशनवर. तिला शेठजींचं भय नाही. बाईंच्या आजारपणाचं ऐकल्यावर तिनं रविवारी दुकानात येणाऱ्या शेठाणींना गाठलं आणि म्हणाली, भाभी, तुम्ही आल्यावर जायला वर बंगल्यात जाता, आम्ही कुठं जायचं? शेठाणींनी त्याच दिवशी गल्ला उघडून किल्ली काढली. आता ती पिकोच्या मशिनमागं खिळ्याला असते, तांबड्या लेसचा तुकडा बांधून. पुरुषांच्या नजरेत न येता काढता येते. एवढाच बदल.

बायकांनी हे पूर्वीही आणि जास्त उघडपणे केलंय. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची, म्हणजे लघवीला जाण्याच्या हक्काची, मोहीम सार्वजनिक मुताऱ्यांत बायकांकडून पैसे का घेता, हे विचारत आलीय. केरळात कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या बायका संघटक पी. विजी यांच्याबरोबर आधी भांडल्या त्या स्वच्छतागृहासाठीच. दुकानात बसायचा हक्क कायद्यात आला तो नंतर, २०१८ मध्ये. त्यांची गोष्ट मी बाईंना सांगितली. “बसायला बी भांडल्या?” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या काउंटरमागं स्टूल नाही.

नंतर

ऑगस्टमध्ये एका शिबिरात सगळ्यांच्या फुकट तपासण्या झाल्या. बाई धावत आल्या : रिपोर्टवर पू-पेशी ८ ते १०, ‘डॉक्टरांना भेटा’. त्रास? काही नाही. आग नाही, ताप नाही. रिपोर्टमध्ये त्वचेच्या पेशीही भरपूर होत्या, म्हणजे मधली धार न घेता सरसकट बाटली भरलेली. मी काहीच दिलं नाही. लक्षणं नसताना लघवीत नुसते जंतू किंवा पू-पेशी सापडल्या तर औषध द्यायचं नसतं. गरोदर बाई, किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणार असलेला माणूस, हे मुख्य अपवाद. त्यांना हे पटवायला माझी निम्मी शक्ती गेली. रिकाम्या हातानं दवाखान्यातून परत जाणं म्हणजे फसवणूक वाटते लोकांना, आणि आम्हीच ती सवय लावलीय.

वर्षभरात खरा संसर्ग एकदाच झाला, फेब्रुवारीत, लग्नाच्या खरेदीच्या गर्दीत. पहिल्याच दिवशी आल्या, आमच्या उघड्या दारातून नमुना दिला, तो वीस मिनिटांत लॅबला गेला. तोच ई. कोलाय, पण मूत्राशयापुरता. नायट्रोफ्युरँटॉइन, भाकरी-भाजीच्या जेवणाबरोबर, पाच दिवस पूर्ण, सिरपशिवाय. “लघवी गडद पिवळी झाली तर घाबरू नका, औषधाचा रंग आहे,” हेही या वेळी आधी सांगितलं. बऱ्या झाल्या.

त्या आठवड्यात पुन्हा एक पुठ्ठा लिहून आणायला सांगितला होता. गुलाबी पैठणीच्या घडीतला, कडेला अजून डिंकाचा डाग. ९.१५, १२, २.४०, ५.३०, ८.५०. पाण्याच्या रकान्यात ‘बाटली १ पूर्ण’, आणि त्याखाली, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात, ‘माझी पण’.

मागच्या महिन्यात फोन आला. दुकानाचं नूतनीकरण काढलंय, तळघर फोडलंय, संडास दोन महिने बंद. मी काही सुचवायच्या आत त्याच म्हणाल्या, सोय झालीय. चार दुकानं सोडून एक दाताचा दवाखाना आहे, तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीशी बोलणं झालंय. दोघी-दोघींनी आळीपाळीनं जायचं, गर्दीच्या वेळी नाही. बदल्यात तिच्या लग्नाचा बस्ता नऊजणी मिळून निवडून देणार आहेत, आणि फॉल-पिको फुकट.